मैत्री स्थानकावरील हिवाळी मुक्कामात गंभीर आजार उद्भवला तर?

वृंदा, फोंडा

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाची अंटार्क्टिकावरील मैत्री या भारतीय संशोधन स्थानकाच्या हिवाळी तुकडीत निवड झाली आहे. दिल्लीच्या एम्समधील तपासण्या आणि औलीचे प्रशिक्षण आटोपून तो घरी आला आहे आणि लवकरच निघेल. तिथला उन्हाळा संपताना, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, शेवटचे विमान केपटाऊनकडे परतले, की पुढच्या नोव्हेंबरपर्यंत तिथे कोणी येत नाही, असे त्याने सांगितल्यापासून आईची झोप उडाली आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. तिथे एखाद्याला खरोखरच मोठा आजार झाला, तर नेमके काय करतात? आमच्या वडिलांना चाळिशीतच हृदयविकाराचा झटका आला होता आणि ही गोष्ट तपासणीच्या वेळी सांगितली का, या प्रश्नाला भाऊ सरळ उत्तर देत नाही, म्हणून काळजी अधिक आहे. दुसरे असे की आईला मधुमेह आहे. इकडे तिचे काही कमीजास्त झाले, तर त्याला कळवावे की परत येईपर्यंत थांबावे?

हिवाळी_वैद्य

वृंदाताई, मी अशाच एका तुकडीबरोबर डॉक्टर म्हणून राहिलो आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनुभवावरून देतो.

स्थानकावर डॉक्टर असतो, औषधे असतात, भूल देऊन लहानसहान शस्त्रक्रिया करता येईल इतपत सोय असते आणि उपग्रहामार्गे भारतातील तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. परिचारिका मात्र नसते. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर जखमेच्या कडा धरून ठेवायला इलेक्ट्रिशियन किंवा डिझेल मेकॅनिकच उभा राहणार, म्हणून हात निर्जंतुक कसे करायचे आणि कशाला स्पर्श करायचा नाही, हे त्यांना आधीच शिकवून ठेवावे लागते. रक्तपेढीही नसते. कोणाचा रक्तगट कोणाला चालतो याची यादी करून ठेवायची. पंचवीसेक माणसांची तुकडी हीच रक्तपेढी. अँजिओप्लास्टी, डायलिसिस किंवा कर्करोगाचे उपचार तिथे होऊ शकत नाहीत, हे आईंना स्पष्ट सांगितलेले बरे.

मैत्रीपासून काही किलोमीटरवर, त्याच शिरमाकर टेकड्यांमध्ये, रशियाचे नोवोलाझारेव्स्काया स्थानक आहे. तिथे 1961 च्या एप्रिलअखेर लिओनिद रोगोझोव या 27 वर्षांच्या शल्यचिकित्सकाला अपेंडिक्सचा तीव्र दाह झाला. स्थानकावर दुसरा डॉक्टर नव्हता आणि हवामानामुळे विमान येणे शक्य नव्हते. केवळ त्या जागेपुरती भूल घेऊन, सहकाऱ्यांना आरसा धरायला लावून त्याने स्वतःचेच अपेंडिक्स काढले. आरशातली उलटी प्रतिमा गोंधळात टाकू लागल्यावर त्याने बरेचसे काम हातमोज्यांशिवाय, स्पर्शावरच केले. तो बरा झाला आणि सुमारे दोन आठवड्यांत कामावर परतला. ही कथा लोक शौर्यकथा म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. मला मात्र त्यातले ते दोन सहकारी जास्त आठवतात, कारण वैद्यकशास्त्राचा गंध नसतानाही ते शेवटपर्यंत उभे राहिले.

भावाच्या मौनाविषयी मला आग्रहाने लिहायचे आहे. तिथे डॉक्टरला खरी धास्ती असते ती लपवलेल्या आजाराची. आमच्या एका सहकाऱ्याने छातीतली जळजळ आठवडाभर कोणाला सांगितली नाही. रात्रीचे ताट अर्धे ठेवून तो उठतो, हे स्वयंपाक्याने मला सांगितले, तेव्हा कुठे मी त्याला बोलावले. ईसीजी काढून भारतात पाठवला आणि सुदैवाने तो निर्दोष निघाला. पण दुखणे खरोखर हृदयाचे असते, तर औषधाने जे साधायचे ते साधण्याची वेळ आम्ही कधीच गमावली असती. निवड रद्द होईल या भीतीने आपला भाऊ गप्प असेल, तर ती भीती मी समजू शकतो. तरीही त्याने सांगितलेच पाहिजे.

ध्रुववाचक, नाशिक

डॉक्टरसाहेबांच्या उत्तरात एक भर घालतो. हिवाळ्यात विमान येतच नाही, असे अगदी म्हणता येणार नाही. प्रत्यक्ष दक्षिण ध्रुवावरील अमेरिकेच्या अमुंडसेन-स्कॉट स्थानकावर 2001 च्या एप्रिलमध्ये तिथला डॉक्टरच स्वादुपिंडाच्या दाहाने आजारी पडला, तेव्हा ट्विन ऑटर जातीच्या छोट्या विमानाने त्याला बाहेर काढले. 2016 च्या जूनमध्ये, ऐन काळोखात, दोन रुग्णांना असेच आणले गेले. मात्र या उड्डाणांवर भरवसा ठेवून कोणी निघू नये. तसल्या थंडीत इंधन आणि तेले घट्ट होतात, धावपट्टी अंधारात असते, आणि वाटेत हवामान पालटले तर उतरायला दुसरी जागा जवळपास नसते.

त्याच स्थानकावरील डॉक्टर जेरी नील्सन यांचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. 1999 च्या हिवाळ्यात त्यांना स्वतःच्या स्तनात गाठ लागली. स्थानकावरच्या एका वेल्डरने भाजी-फळांवर सुई टोचण्याचा सराव केला आणि त्याच्या मदतीने त्यांनी गाठीचा नमुना काढला; त्याची चित्रे उपग्रहामार्गे अमेरिकेत पाठवण्यात आली. जुलैमध्ये विमानातून औषधांचे गठ्ठे खाली टाकले गेले, तेव्हा खुणेसाठी सहकाऱ्यांनी बर्फावर पिंपांत आग पेटवली होती. त्यातले अल्ट्रासाउंडचे यंत्र आपटून फुटले, पण औषधे हाती लागली आणि सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी स्वतःवर केमोथेरपी सुरू केली. ऑक्टोबरमध्ये त्यांना बाहेर काढता आले. पुढे कर्करोग उलटला आणि 2009 मध्ये त्यांचे निधन झाले; तरी मधली दहा वर्षे त्यांना मिळाली.

मधुरा, पुणे

वृंदाताई, माझे यजमान हिवाळी तुकडीत होते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. कळवायचे की नाही, हे तुम्ही एकटीने ठरवू नका. तो निघण्याआधी त्यालाच विचारा. आम्ही तसेच केले होते. माझ्या सासऱ्यांना त्या काळात रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हा ठरल्याप्रमाणे मी त्याच दिवशी कळवले. पण यजमानांना सांगण्याआधी त्यांच्या तुकडीप्रमुखांना सांगितले, म्हणजे बातमी ऐकताना त्यांच्याजवळ कोणीतरी असेल. येता येत नाही याचा त्रास त्यांना फार झाला. पण घरचे आपल्यापासून काही लपवत नाहीत, हा विश्वास राहिल्यामुळे पुढचे महिने त्यांनी प्रत्येक फोनवर आवाजाचा अर्थ लावत काढले नाहीत. आईंची औषधे, डॉक्टरांचा क्रमांक आणि रात्री-अपरात्री धावून येणारा शेजारी, एवढी व्यवस्था भावाच्या डोळ्यांदेखत लावून ठेवा.

वृंदा, फोंडा

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल रात्री भावाला हे सारे वाचून दाखवले. वडिलांच्या आजाराविषयी त्याने खरोखरच सांगितलेले नव्हते. डॉक्टरसाहेब, तपासणी पार पडल्यानंतर आता ते सांगता येईल का?

हिवाळी_वैद्य

जरूर सांगता येईल. मोहिमेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याने लेखी कळवावे आणि वडिलांचे जुने अहवाल सोबत जोडावेत. ते बहुधा हृदयाची आणखी तपासणी करायला सांगतील. ती निर्दोष आली तर जाण्याचा मार्ग मोकळा राहू शकेल. न आली, तर ते इथे, रुग्णालय हाताशी असताना कळलेले केव्हाही चांगले. जाणे ठरले, तर हेच अहवाल तुकडीच्या डॉक्टरकडेही द्यावेत.