ऑपरेशननंतर तिसाव्या दिवशी इस्पितळाने फोन करावा का? आणि आकडा फलकावर लावावा का?

साखळीवाली

मी गोव्यातल्या साखळीची. गेल्या पावसात माझ्या धाकट्या दिराला दुचाकीवरून अपघात झाला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. १०८ वेळेवर आली, त्याच रात्री ऑपरेशन झालं, रॉड बसला. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही, हे आधी सांगते. नवव्या दिवशी घरी आलो. कागदावर लिहिलं होतं, जखम स्वच्छ, प्रकृती स्थिर. त्या दिवशी ते खरंच होतं.

तेराव्या दिवशी सकाळी चादरीवर पिवळट डाग दिसला, तळहाताएवढा. पट्टी सोडली, तर खालच्या दोन टाक्यांच्या मधून पाणी येत होतं आणि त्याला वास होता. बाहेर पाऊस कोसळत होता, त्याला पाय टेकता येत नव्हता, म्हणून गावातल्याच डॉक्टरकडे ड्रेसिंग सुरू केलं. त्यात तीन आठवडे गेले. शेवटी दुसऱ्याच एका इस्पितळात जखम पुन्हा उघडून धुवावी लागली. चतुर्थीला तो खाटेवर होता. नोकरी गेली ती वेगळीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की जिथे पहिलं ऑपरेशन झालं, तिथे यातलं कुणालाच काही ठाऊक नाही. त्यांच्या वहीत माझा दीर आजही बरा होऊन घरी गेलेला आहे. असे किती जण असतील?

ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला इस्पितळाने तिसाव्या दिवशी फोन करावा. आत रॉड किंवा प्लेट असेल तर नव्वदाव्या दिवशी पुन्हा करावा. जखमेतला जंतुसंसर्ग मोजताना जगभर हेच ३० आणि ९० दिवस धरतात, असं मला नंतर कळलं. आणि दर तीन महिन्यांनी आलेला आकडा दारातल्या फलकावर लावावा, इस्पितळ सरकारी असो की खाजगी. तुम्हाला काय वाटतं?

हाडांचा डॉक्टर

ताई, तुमच्या दिराला जे भोगावं लागलं त्याचं वाईट वाटतं. फोनबद्दल तुमच्याशी सहमत आहे. फलकाला मात्र माझा ठाम विरोध आहे, आणि तो का, ते नीट सांगतो.

उघड्या फ्रॅक्चरच्या, म्हणजे हाड मोडून वरची कातडीही फाटलेल्या जखमा एकसारख्या नसतात. गस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ साली त्यांचे तीन प्रकार मांडले, आम्ही अजून तेच वापरतो. पहिल्या प्रकारात एक सेंटिमीटरहून लहान छिद्र असतं. तिसऱ्यात मांस चिरडलेलं, हाड उघडं पडलेलं, कधी रक्तवाहिनीही तुटलेली. पावसात शेताच्या बांधावर किंवा खाणीच्या रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या हाडात मी स्वतः चिखल आणि खडी पाहिली आहे. तासभर धुतलं तरी त्यातल्या काही जखमा चिघळतातच. त्यात मधुमेह असला, विडी-सिगरेट असली, तर आणखी.

आता फलक लावा. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे तर येतातच, वर सिंधुदुर्ग आणि कारवारकडचे सगळ्यात बिघडलेले रुग्णही येतात. जो सगळ्यांना घेतो, त्याचा आकडा सगळ्यात वाईट दिसणार. जो अवघड केस दारातूनच पुढे पाठवतो, त्याचा फलक लखलखीत राहणार. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात बायपासच्या मृत्यूचे आकडे सर्जनच्या नावासकट छापले जात. तिथल्या डॉक्टरांना विचारून केलेली पाहणी १९९६ साली छापून आली. तिच्यात निम्म्याहून अधिक सर्जननी सांगितलं की गंभीर रुग्णाला हात लावायला आता मन कचरतं.

दोडामार्ग

डॉक्टर म्हणतात ते आमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. आमच्याकडे सिंधुदुर्गात रात्री अपघात झाला की गाडी सरळ बांबोळीला जाते. उद्या आकड्यांसाठी कुणी म्हटलं की या रुग्णाची हालत वाईट आहे, तुमच्या जिल्ह्यात न्या, तर आम्ही कुठे जायचं? फलक नको.

आकडेमोड

मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवते. न्यूयॉर्कचं उदाहरणही इथे यायला हवं. तिथे बायपासचे आकडे गोळा करून जाहीर करू लागल्यावर, १९८९ ते १९९२ या काळात रुग्णांची जोखीम हिशेबात धरून काढलेला मृत्युदर ४१ टक्क्यांनी उतरला. त्याचं सगळं श्रेय जाहीर करण्याला द्यावं का, यावर वाद आहे. पण चित्र एकाच बाजूचं नाही.

मूळ मुद्दा मोजण्याचा आहे. अपघातात रक्तस्राव झालेल्यांना आज ट्रॅनेक्सामिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध देतात. ते क्रॅश-२ नावाच्या चाचणीमुळे सुरू झालं. ४० देशांतली २७४ इस्पितळं आणि २०,२११ रुग्ण होते, भारतातलेही. निष्कर्ष २०१० साली आले. औषध दिलेल्यांत १४.५ टक्के दगावले, न दिलेल्यांत १६ टक्के. पुढच्या वर्षी तेच आकडे वेळेनुसार वेगळे करून पाहिले. पहिल्या तीन तासांत दिलं तर जीव वाचतात. तीन तास उलटून दिलं, तर रक्तस्रावाने मरणारे उलट वाढतात, ३.१ टक्क्यांवरून ४.४. एखादा डॉक्टर कितीही अनुभवी असो, त्याला हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसलाच नसता.

जखमांचंही तसंच आहे. चीता नावाच्या चाचणीत भारतासह सात देशांतली ८१ इस्पितळं होती आणि पोटाच्या ऑपरेशनचे १३,३०१ रुग्ण. पोट शिवायच्या आधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे, शिवायची हत्यारं नवी घ्यायची, एवढाच बदल केला. तिसाव्या दिवसापर्यंत जंतुसंसर्ग झालेले १८.९ टक्क्यांवरून १६ वर आले. हे २०२२ साली छापून आलं. रुग्ण घरी गेल्यावर मोजणं थांबवलं असतं, तर यातल्या बऱ्याच जखमा कुणाच्या वहीत आल्याच नसत्या.

डॉक्टरांची तक्रार कच्च्या आकड्याबद्दल आहे आणि ती रास्त आहे. मग आकडा जखमेच्या प्रकारानुसार वेगळा लावा. हर्नियाचा वेगळा, उघड्या फ्रॅक्चरचा वेगळा, आणि सर्जनचं नाव नको.

रात्रपाळी

मी सर्जिकल वॉर्डात परिचारिका आहे. वरचं सगळं वाचलं. फोन कोण करणार, हे अजून कुणीच लिहिलं नाही. रात्री चाळीस खाटांना आम्ही दोघी असतो.

दुसरी गोष्ट नंबरची. अपघातातला माणूस येतो तेव्हा बेशुद्ध असतो किंवा विव्हळत असतो. केसपेपरवर आणणाऱ्याचा नंबर लागतो, कधी पायलटचा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याचा, कधी रस्त्यावरच्या कुणाचा तरी. तो घरी जाताना कुणी बदलत नाही. बांधकामावरचा मजूर असेल तर महिन्याभरात त्याचं सिमकार्डच बदललेलं असतं.

आणि फोन लागला तरी नुसतं 'बरं आहे ना?' विचारलं तर माणसं 'बरं आहे' म्हणतात. डॉक्टरांनी एवढं केलं, त्यांना वाईट कशाला वाटू द्यायचं, असं त्यांच्या मनात असतं. एका आजीने मला असंच सांगितलं होतं, आणि मागून तिचा नातू ओरडला, 'पण पू येतो ना!' म्हणून नेमकं विचारावं लागतं. पट्टी ओली होते का? वास येतो का? ताप आला का? दुसऱ्या कुणा डॉक्टरला दाखवलं का? आणि ते कोकणीत विचारावं लागतं, नाहीतर हिंदीत किंवा कन्नडमध्ये. मी फोनच्या बाजूची आहे. पण त्यासाठी वेगळी माणसं द्या, नाहीतर आमच्या वहीत नुसत्या बरोबरच्या खुणा भरतील.

साखळीवाली

ताई, नंबरचं तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत. आमच्या केसपेपरवर शेजाऱ्याचा नंबर होता, हे मला आत्ता कागद काढून पाहिल्यावर कळलं.

डॉक्टर, मी तुमचा आदर करते. पण जोखमीचे रुग्ण नाकारले जातील या भीतीने आकडा झाकायचा, म्हणजे त्याची किंमत माझ्या दिरासारख्यांनी मोजायची. ऑपरेशननंतर गुंतागुंत झालेल्या रुग्णांवर तुमची दर महिन्याला बैठक होते म्हणतात. तिथे परत आलेल्यांचीच चर्चा होत असेल ना? परत न आलेल्याचं नाव तिथे कोण काढणार?

पणजीतली वकील

डॉक्टरांच्या मनात कोर्टाची भीती असेल तर एवढंच सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केलं आहे की उपचाराचा परिणाम वाईट झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं होत नाही, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी तर तो घोर असावा लागतो. जखम चिघळणं हा काही गुन्हा नाही. चिघळलेली दिसूनही कागदावर 'स्वच्छ' लिहिणं, ते मात्र महागात पडतं.

हाडांचा डॉक्टर

वकीलबाई, कोर्टाची भीती आहे, नाही असं म्हणणार नाही. निकाल काहीही सांगो, तिथवर पोचेपर्यंत माणूस पिचतो.

साखळीच्या ताईंचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जात नव्हता. बैठकीत परत आलेल्यांचीच चर्चा होते, हे खरं आहे. म्हणून काल संध्याकाळी, गेल्या महिन्यात मी ऑपरेशन केलेल्या अकरा जणांना स्वतः फोन लावले. परिचारिकाताईंनी लिहिलेले प्रश्न समोर ठेवले होते. सात जणांशी बोलणं झालं. सहा जण ठीक आहेत. सातव्याच्या घोट्याची जखम दहा दिवसांपासून वाहते आहे, तो वास्कोत एका दवाखान्यात पट्टी करून घेतोय, आणि मला याचा पत्ताही नव्हता. सोमवारी बोलावलं आहे.

आकडेमोड म्हणतात तसा प्रकारवार आकडा आरोग्य खात्याला द्यायला माझी हरकत नाही. दारातल्या फलकाला विरोध कायम आहे. तो आकडा वाचणारा माणूस जखमेचा प्रकार वाचणार नाही.

उरलेल्या चार नंबरांपैकी तीन बंद होते. चौथा एका पायलटचा निघाला. तो म्हणाला, 'डॉक्टर, मी त्याला फक्त गाडीत घातलं होतं. तो जगला का?'