कोविडमधलं स्टेरॉइड डेक्सामेथासोन: 6 मिग्रॅचा डोस वजनावर वाढवावा का?

वॉर्डराउंड: ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जून 2020 मध्येच उत्तर दिलं होतं: रोज 6 मिग्रॅ, जास्तीत जास्त 10 दिवस. व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांत 28 दिवसांतले मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 वर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत 26.2 वरून 23.3 वर. ऑक्सिजन न लागणाऱ्यांत मात्र औषध घेणारे 17.8 टक्के दगावले, न घेणारे 14. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या पक्का नव्हता, पण फायदा दिसला नाही एवढं नक्की. ताप आला की दुसऱ्या दिवशी स्टेरॉइड, याला कसलाच आधार नव्हता. वाढीव डोसलाही नव्हता.

तालुका_फिजिशियन: पहिल्या मुद्द्याला अर्धीच सहमती. रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण बसून 97 टक्के आणि सहा मिनिटं चालवल्यावर 90, अशा रुग्णाला कुठल्या गटात टाकाल? जवळ ऑक्सिजन बेड नसताना थांबणं सोपं नाही. आणि 50 किलो आणि 90 किलोला एकच डोस पटत नाही. आपल्या राष्ट्रीय प्रोटोकॉलमध्ये मध्यम आजारासाठी मिथाइलप्रेडनिसोलोन (दुसरं एक स्टेरॉइड) 0.5 ते 1 मिग्रॅ प्रति किलो होतंच की.

वॉर्डराउंड: 90 किलोला 1 च्या हिशेबाने 90 मिग्रॅ, म्हणजे तेवढ्याच ताकदीचं डेक्सामेथासोन जवळपास 17 मिग्रॅ. असा डोस तपासून झालाय, सर. रिकव्हरीनेच साध्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांना पाच दिवस 20 आणि पुढचे पाच दिवस 10 मिग्रॅ दिलं. मृत्यू 12 वरून 19 टक्क्यांवर गेले आणि त्या गटात चाचणी थांबवावी लागली.

इन्सुलिन_चार्ट: डोसवर भांडताय, पण घोळ केस पेपरवरच होतो. 2 मिलीच्या व्हायलमध्ये 8 मिग्रॅ असतं, 6 साठी दीड मिलीच ओढायचं. ‘एक व्हायल दोनदा’ लिहिलं की 16 गेले. दहा दिवसांनी थेट बंद करता येतं. टेपरच्या (डोस हळूहळू कमी करण्याच्या) नावाखाली तीन-चार आठवडे गोळ्या चालू ठेवायचं कारण नाही. सकाळच्या डोसनंतर साखर दुपारी-संध्याकाळी चढते, म्हणून नुसती उपाशीपोटीची बघून फसगत होते. जेवणाआधी तिन्ही वेळा आणि रात्री झोपताना ग्लुकोमीटर लावा. अशी बेकाबू साखर आणि लांबलेलं स्टेरॉइड, इथेच काळ्या बुरशीला वाव मिळतो. गाल बधिर, नाकातून काळपट स्राव, वरचे दात हलणे: यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी नाक-घसा तज्ज्ञ.

तालुका_फिजिशियन: 20 मिग्रॅचा निकाल मान्य, वजनाचा आग्रह सोडतो. चालवून 90 झालेल्याला मात्र मी ऑक्सिजनची सोय होईल तिथे पाठवेन आणि 6 मिग्रॅ तिथेच सुरू व्हावं, घरी नको. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली स्ट्रिप तर नकोच नको.