सामायिक अ‍ॅक्सेस डेटाबेसमधील नोंदी खोडण्यावर नियंत्रण कसे ठेवावे?

प्रश्न: आमच्या कार्यालयात सात जण मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या प्रोग्रामात केलेला एकच डेटाबेस वापरतात. परवा एका सहकाऱ्याने दुबार नोंदला गेल्यासारखा वाटलेला ग्राहक खोडला आणि त्याच्यासोबत त्या ग्राहकाची तीन वर्षांची बिलेही गेली. माझ्या पडद्यावर उघड्या असलेल्या त्या ओळीच्या प्रत्येक रकान्यात ‘डिलीटेड’ एवढाच शब्द उरला. बॅकअप आठवड्यापूर्वीचा होता, त्यामुळे मधली बिले कागदांवरून पुन्हा भरावी लागली. असे पुन्हा घडू नये यासाठी काय करावे?

उत्तर १: बिले गेली ती कॅस्केड डिलीटमुळे, म्हणजे मूळ नोंद खोडली की तिच्याशी जोडलेल्या नोंदीही आपोआप खोडणाऱ्या पर्यायामुळे. तो पर्याय आजच बंद करा, मात्र रेफरेन्शियल इंटिग्रिटी (जोडलेल्या तक्त्यांतील नोंदींचा मेळ राखणारा नियम) चालूच ठेवा, म्हणजे ज्याच्या नावे बिले आहेत असा ग्राहक खोडताच येणार नाही. माझ्या मते रोजच्या कामात खरे खोडणे नसावेच: तक्त्यात ‘रद्द’ असा हो-नाही रकाना घ्या, रद्द करणाऱ्याचे नाव आणि वेळ नोंदवा, आणि सर्व फॉर्म व अहवाल रद्द नसलेल्याच नोंदी निवडून देणाऱ्या क्वेरीवर (साठवून ठेवलेल्या शोधावर) बेतून घ्या. दुबार ग्राहकाची बिले आधी मूळ ग्राहकाकडे वळवावीत.

उत्तर २: फॉर्ममध्ये खोडण्यास मनाई केली तरी तक्ता थेट उघडणाऱ्याला ती अडवत नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे. म्हणून २०१० च्या आवृत्तीपासून मिळणारा ‘आफ्टर डिलीट’ हा डेटा मॅक्रो (नोंद खोडली की आपोआप चालणारी सूचना) तक्त्यावरच लावा आणि खोडलेल्या नोंदीतील मजकूर वेगळ्या तक्त्यात उतरवून घ्या. बॅकअप मात्र रोज संध्याकाळी, सर्वांनी फाइल बंद केल्यावरच घ्यावा.

प्रश्नकर्ता: कॅस्केडचा पर्याय खरोखरच चालू होता. तो आत्ताच बंद केला आहे; ‘रद्द’ रकाना उद्या जोडतो. मनःपूर्वक आभार.