उघड्या माळावर कपड्याआड कॉलर माईक लपवावा का?

धागाकर्ता (बेळगाव)

येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर, जांबोटीकडच्या डोंगरमाथ्यांवर किंवा चोर्ला घाटात चित्रीकरण करायचे म्हटले की वारा गृहीतच धरावा लागतो, आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुरू झाला की त्यातून सुटका नसते. माझे स्पष्ट मत असे आहे की अशा ठिकाणी, विशेषतः कथानक असलेल्या लघुपटात, कपड्याआड नीट बसवलेला कॉलर माईक हाच मुख्य ध्वनी मानावा आणि बूम, म्हणजे लांब दांडीवर धरलेला माईक, सोबतीला ठेवावा.

माईकवर येणारी घरघर लांबून येत नाही. माईकच्या तोंडाशी हवेचे जे भोवरे उठतात, त्यांच्या दाबातील चढउतार माईकचा पडदा आवाज म्हणून टिपतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा दाब साधारण चौपट होतो, म्हणजे सुमारे १२ डेसिबलची वाढ. साहजिकच माईकजवळची हवा जितकी स्थिर राहील तितका लाभ मोठा. सदऱ्याचे सुती कापड, त्याखाली माईकवरचे केसाळ आवरण आणि त्या आवरणात अडकलेली हवा, असे थर असले तर वारा माईकपर्यंत पोहोचेपर्यंत बराच मंदावतो. शिवाय पात्राला वाऱ्याकडे पाठ करून उभे केले, तर त्याचे शरीरच आडोसा होते. माईक सर्व दिशांनी ऐकणारा घ्यावा. एकाच दिशेने ऐकणारा माईक वाऱ्याला कितीतरी अधिक बिचकतो.

प्रतिसाद (निपाणी)

भोवऱ्यांविषयी आपण लिहिले ते मान्य. निष्कर्ष मात्र मान्य नाही. कापड वारा अडवते हे खरे, पण तेच कापड वाऱ्याने हलते, माईकवर घासते, आणि ही सळसळ घरघरीपेक्षा घातक असते. घरघरीचा मोठा भाग खालच्या कंप्रतांमध्ये असतो, त्यामुळे ८० ते १०० हर्ट्‌झच्या आसपास लो-कट (त्याखालच्या कंप्रता गाळणारी सोय) लावून ती पुष्कळ कमी करता येते. सळसळ मात्र थेट बोलण्याच्या पट्ट्यात पसरलेली असते. तिला कापायला गेलो तर शब्दही कापले जातात.

दुसरे म्हणजे आपल्याकडची पात्रे काय नेसतात ते पाहावे. इरकल लुगड्याच्या पदरात रेशीम किंवा कृत्रिम रेशीम असते, खणाच्या चोळीतही ते असतेच, आणि ही वस्त्रे जरा हलली तरी वाजतात. त्यातच पदर डोक्यावरून घेतलेला असला तर वाऱ्याने तो सतत छातीवर आपटत राहतो. त्या पदराआडून आलेल्या आवाजात ‘स’, ‘श’, ‘च’ बोथट होतात, कारण कापड प्रथम वरच्या कंप्रता गिळते. आपल्या सीमाभागाची बोली जपायची म्हणून आपण चित्रपट करतो आणि तिचे उच्चारच अंधूक करून ठेवतो, हे मला पटत नाही. माईकभोवती मोठी पोकळी राखणारा जाळीचा पिंजरा, त्यावर केसाळ आवरण, आणि तो बूमवर चढवून चौकटीच्या अगदी कडेपर्यंत आणणे, हाच खरा उपाय आहे. वाऱ्याला अडवते ती ही पोकळी, आणि कॉलर माईकच्या बोटभर आवरणात ती कधीच तेवढी मावणार नाही.

धागाकर्ता

पोकळीचा मुद्दा निर्विवाद आहे. पण गडाच्या तटावर दोन माणसे चालत येत आहेत आणि चौकटीत निम्मे आकाश आहे, अशा वेळी बूम वीस फुटांवर राहतो. त्या अंतरावरून संवादापेक्षा आसमंतच अधिक ऐकू येतो.

सळसळीचे म्हणाल तर तो बहुतेकदा बसवण्यातला दोष असतो. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीचे दोन छोटे त्रिकोण करून माईकची एक बाजू आतल्या वस्त्राला व दुसरी बाहेरच्या वस्त्राला चिकटवली, तर दोन्ही थर माईकसह एकत्र हलतात आणि घासायला काही उरत नाही. खाली वायरीचा एक सैल वेढा घेऊन तोही चिकटवावा, म्हणजे वायर ओढली गेली तरी धक्का वरपर्यंत जात नाही. कापड निवडताना ते ओठांशी धरून फुंकर मारावी. श्वास सहज पार गेला तर आवाजही बऱ्यापैकी पार जातो. अडला तर त्या कापडाआड माईक ठेवूच नये. पुरुष पात्र फेटा बांधत असेल तर फेट्याच्या कडेआड कपाळावर माईक उत्तम बसतो, कारण मान वळली तरी तोंडापासूनचे अंतर बदलत नाही. इरकलीच्या बाबतीत आपले म्हणणे मला बऱ्याच अंशी पटते. तिथे मी सुती काठापदराचे लुगडे सुचवेन.

प्रतिसाद (खानापूर)

मी माहितीपटांच्या बाजूने लिहिते. शेताच्या बांधावर बसलेल्या वयस्क आजींना चोळीच्या आत वायर घेण्यास सांगणे मला योग्य वाटत नाही, आणि पथकात स्त्री असली तरी त्या अवघडतात हे मी जवळून पाहिलेले आहे. त्या अवघडलेपणाचा परिणाम आवाजावर होतो. माणूस आखडून, तुटक बोलू लागतो. तिथे केसाळ आवरणाचा माईक पदरावर सरळ दिसेल असा लावावा. मुलाखत चालू आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, मग ती वस्तू लपवण्याचा अट्टाहास कशासाठी? भुरभुर पाऊस असेल तर मात्र आवरण बदलत राहावे, कारण केस भिजून चिकटले की त्यांची वारा अडवण्याची शक्ती जाते.

प्रतिसाद (बेळगाव, शहापूर)

इतका खटाटोप करण्यापेक्षा ३२ बिट फ्लोटवर, म्हणजे आवाज फार मोठा झाला तरी रेकॉर्डरमध्ये न फाटणाऱ्या पद्धतीने, ध्वनिमुद्रण करावे आणि उरलेले काम सॉफ्टवेअरवर सोपवावे. तरीही नाही जमले तर डबिंग आहेच.

प्रतिसाद (निपाणी)

३२ बिट फ्लोट रेकॉर्डरची मर्यादा वाढवते, माईकची नाही. जोरदार झोतामुळे माईकमधले किंवा ट्रान्समीटरमधले (कॉलर माईकचा आवाज बिनतारी पाठवणाऱ्या डबीतले) सर्किटच तुंबले, तर फाटलेला आवाज तितक्याच निष्ठेने साठवला जातो, आणि त्या क्षणी गेलेला शब्द कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणूनच लो-कटची सोय ट्रान्समीटरवर असल्यास तो तिथेच लावावा. डबिंगमध्ये गावातल्या हौशी कलाकारांचा तोच सूर पुन्हा सापडत नाही.

धागाकर्त्यांनी सांगितलेल्या तटावरच्या दृश्यापुरता लपवलेला माईक मी स्वीकारतो. पण ते दृश्य संपताच, कॅमेरा बंद ठेवून, त्याच दोघांकडून तटाच्या आडोशाला तेच संवाद बूमवर एकदा म्हणवून घ्यावेत. पाच मिनिटे लागतात, आणि संकलनात कापडाआडचा एखादा शब्द बुडालेला आढळला की तो तिथून उचलता येतो.

धागाकर्ता

हे मान्य. मात्र त्या वेळीही अंगावरचा माईक काढू नये. दोन्ही एकदम मुद्रित केले तर संकलनात जुळवणी सोपी जाते.