मिलेटची बिस्किटं चालतात, मग भाकरीला काय झालं?

पर्वतीपायथा
काल शेजारी चहाला गेलो होतो. बशीत नाचणी कुकीज. सवयीने पाकीट उलटं करून वाचलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून कळलं: आधी मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि नाचणी पार खाली, १२ टक्के. वहिनी म्हणाल्या, "आम्ही गहू बंदच केलाय." मैदा कशाचा असतो हे विचारायचं धाडस झालं नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य म्हणजे मिलेट वर्ष जाहीर केलं, तेव्हापासून तर हे सगळं फारच वाढलंय. माझ्या आईने जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्ली, तिला मिलेट हा शब्दही माहीत नव्हता. शहरी माणसाला आळस चढलाय, दुसरं काही नाही. कुणाला पटत नसेल तर सांगा.

बदलापूर_स्लो
नाही पटत. आईने खाल्ली म्हणता, पण थापली कुणी काका? आणि आज तुमच्या घरी कोण थापतं?

मी पाचला उठते. कणीक रात्री भिजवून फ्रिजमध्ये टाकता येते, भाकरीचं तसं नाही. दर भाकरीला पीठ नव्याने मळा, परातीत थापा, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटा. चौघांच्या आठ भाकऱ्या म्हणजे माझी चाळीस मिनिटं गेली. त्यात पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, कडा फाटायला लागतात. म्हणून थोडंथोडं दळून आणायचं, तर आमची गिरणी आठला बंद होते आणि मी घरी पोचते साडेआठला. याला आळस म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

खाऊगल्ली
मी कुकी खातो कारण ती गोड लागते. पाकिटावर नाचणी लिहिलंय म्हणून बायको ओरडत नाही, एवढाच तिचा फायदा.

आकडेमोड
भाकरीला इतकं डोक्यावर घेऊ नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते बघा. १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिनं साधारण १० ग्रॅम, तंतूही १० ग्रॅम. गव्हाच्या कोंड्यासकट पिठात प्रथिनं साडेदहा, तंतू ११ च्या वर. म्हणजे गिरणीतून आणून न चाळलेली कणीक ज्वारीच्या मागे नाही. नाचणीचं कॅल्शियम मात्र खरं: ३६४ मिलिग्रॅम, गव्हाच्या पिठाच्या दहापटीहून जास्त. पण प्रथिनं ७ च.

आमच्या घरी कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देतात आणि मग पोट साफ व्हायला इसबगोल आणतात. यावर कुणी धागा काढत नाही! शिवाय भाकरीबरोबर ठेचा, लोणचं, पापड. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चमचा. तो आपला दुपारच्या ताटातच संपतो.

पर्वतीपायथा
तक्ते ठीक आहेत हो, पण दोन भाकऱ्यांवर संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही, पोळ्यांचं तसं होत नाही. हा माझा अनुभव, तो कुठल्या तक्त्यात बसवायचा ते तुम्ही बघा.

बदलापूरताई, थापायची आईच, हे खरं. मी एकदा बसलो होतो परातीसमोर. तव्यापर्यंत जाताना भाकरीचे तीन तुकडे झाले.

बदलापूर_स्लो
एकदाच बसलात ना? मी पण पहिल्या महिन्यात तुकडेच खाल्ले.

मोहोळकर
पिकवणाऱ्याचंही ऐका. मालदांडी ३५-१ ही ज्वारीची जात आमच्या मोहोळची. अजून लोक दुकानात नाव घेऊन मागतात. पण रब्बी ज्वारी मुळासकट हाताने उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. त्याला आता माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. पाणी आलं की शेजारचा ऊस लावतो, आणि मी त्याला नावं ठेवत नाही. ७२ च्या दुष्काळात लोकांनी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, घरचे म्हातारे अजून तोंड वाकडं करतात. त्यांना सांगा की शहरात ज्वारीची बिस्किटं विकतात.

ताई, तुमच्यासाठी एक उपाय आहे. सोलापुरात कडक भाकरी विकत मिळते. पातळ थापून पार वाळवलेली, पापडासारखी. आठ-दहा दिवस काही होत नाही. शेंगाचटणी आणि दही घ्या बरोबर.

बदलापूर_स्लो
खाल्लीय एकदा, मस्त असते. पण आमच्या लोकलच्या गर्दीत डब्यात चुरा होईल तिचा.

मोहोळकर
मग आमटी न्या ना बरोबर. चुराच करायचा असतो तिचा.