‘बिनवॉरंट पाळत’ हा शब्दप्रयोग भारतात चालेल का?

प्रश्न : फोन टॅपिंगविरोधी निवेदन लिहितोय. ‘वॉरंटलेस सर्व्हेलन्स’ला ‘विनापरवाना टेहळणी’ म्हणावे का? प्रायव्हसीला ‘गोपनीयता’ योग्य की ‘खासगीपणा’?

– टेहळणी नको. ती सीमेवर, बुरुजावरून, शत्रूच्या हालचालींची. ठरावीक माणसामागे लागतात ती पाळत. परवानाही नको, तो दुकानाला आणि बंदुकीला लागतो.

– ‘बिनवॉरंट’ला माझा ठाम विरोध आहे. हा शब्द वाचून वाटते की एरवी वॉरंट घेतात आणि इथे तेवढे राहिले. आपल्याकडे फोन टॅपिंगला न्यायालयाचे वॉरंट लागतच नाही! आधी १८८५ च्या तार कायद्याचे कलम ५(२) होते, आता दूरसंचार अधिनियम, २०२३ चे कलम २०(२) आहे. आदेश काढतो गृहसचिव, केंद्राचा किंवा राज्याचा. मुदत ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८०. आदेश तपासायला पुनर्विलोकन समिती असते. केंद्रात तिचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव, राज्यात मुख्य सचिव, बाकी सदस्यही सचिवच. न्यायाधीश एकही नाही. म्हणजे सरकारचा आदेश सरकारच तपासते. ही चौकट मुळात १९९६ च्या पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही नागरी हक्क संघटना) खटल्यातली. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा टॅपिंगवर बंधने घातली, पण आधी न्यायालयाची परवानगी घेण्याची अट घातली नाही. त्यामुळे ‘न्यायालयाच्या परवानगीविना पाळत’ असे सरळ लिहा. आदेशच नसेल, तर ती ‘बेकायदा पाळत’. दोन्ही तक्रारी वेगळ्या, त्यांवरची मागणीही वेगळी.

– आदेश असूनही पाळत बेकायदा ठरते, हे विसरू नका. ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ यांपैकी एक कारण खरोखर असावे लागते. लाचखोरीच्या एका प्रकरणात ते नव्हते, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि टिपलेली संभाषणे नष्ट करायला सांगितली.

– प्रायव्हसीला खासगीपणाच. मंत्री शपथ घेतात ती पदाची आणि गोपनीयतेची. तिथे राखायची असतात सरकारची गुपिते. नागरिकाच्या हक्काला तोच शब्द लावला की ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली?’ हा प्रश्न आलाच. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने मान्य केलेल्या मूलभूत हक्काला काही लपवलेले असण्याची गरज नाही.

– सीडीआर (कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे कॉलची नोंद) काढला तरी बातम्यांत ‘फोन टॅप’ छापतात. सीडीआरमध्ये कोणाला, कधी, किती वेळ आणि कोणत्या टॉवरवरून एवढेच कळते, बोलणे नाही. सीडीआर मिळवायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ वापरतात, गृहसचिवाचा आदेश लागत नाही. निवेदनात दोन्ही वेगळे मांडा, नाहीतर ‘टॅपिंग झालेच नाही’ एवढे उत्तर देऊन कार्यालय मोकळे होईल.

– मागणीत एक वाक्य घालाच : ‘पाळत संपल्यावर संबंधित व्यक्तीला लेखी कळवावे.’ सध्याच्या नियमांत ही तरतूद नाही. कळलेच नाही, तर माणूस आदेशाला आव्हान देणार कसे?