गाडीच्या किरकोळ दुरुस्त्या घरीच कराव्यात का?

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठावरून

गेल्या आषाढात एका सकाळी चावी फिरवली, तर गाडीने नुसता टकटक आवाज केला. बॉनेट उघडले तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटीचा जाड थर दिसला. सर्वांत जवळचे गॅरेज अठरा किलोमीटरवर आणि पाऊस कोसळत होता. दहा नंबरच्या पान्याने मी आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह टर्मिनल सोडवले (या क्रमामुळे पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही), कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासले, कोरडे पुसले, उलट क्रमाने जोडून वर पेट्रोलियम जेली लावली, आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. खाऱ्या वाऱ्याच्या मुलखात हे वारंवार घडते. म्हणून टर्मिनल, वायपर, बल्ब, फ्यूज आणि दारांच्या तळाशी पालापाचोळ्याने बुजणारी पाणी निचऱ्याची भोके, एवढे तरी प्रत्येक गाडीवाल्याला आलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

चिपळूणहून, गॅरेज चालवणारा

टर्मिनलबद्दल वाद नाही, पण आपल्या यादीतला फ्यूज मला मान्य नाही. तार तापण्याआधी स्वतः जळून जाणे हेच फ्यूजचे काम. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत दहा अँपिअरचा फ्यूज सारखा जातो म्हणून मालकाने तिथे तीसचा बसवला होता. डॅशबोर्डखालच्या तारांचे प्लास्टिक वितळून एकमेकांना चिकटले होते, आणि मूळ कारण होते उंदराने कुरतडलेली एकच तार. दुसरी भीती ब्रेक ऑइलची. ते हवेतला ओलावा शोषते. पावसाळाभर अर्धवट उघडी राहिलेली बाटली कोणी घरच्या घरी ओतली आणि कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक तापले, तर त्यातल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जाते. बाटलीकडे बघून हे कुणालाही कळत नाही.

दापोलीहून

मी एकटी गाडी चालवते, त्यामुळे स्टेपनी बदलायला शिकले, आणि मला तरी चिपळूणच्या गॅरेजवाल्या दादांची भीती सरसकट पटत नाही. पण जॅकबाबत सांगते: भिजलेल्या मातीवर तो बघता बघता खचतो. खाली जाड फळी ठेवावी, उचलायच्या चाकाच्या तिरप्या विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड लावावा आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठावरून

ब्रेकचे आपले म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारतो. त्याला घरी हात लावू नये. फ्यूज मात्र मी यादीतून काढणार नाही. तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज एकदाच बदलावा, पुन्हा गेला तर गाडी गॅरेजला न्यावी. एवढ्यासाठी रात्री भर पावसात वायपरविना अडकून पडणे मला योग्य वाटत नाही.

चिपळूणहून

एकदाच, हे चालेल. मात्र जळालेला फ्यूज फेकू नका, सोबत आणा. आतली पट्टी नुसती वितळून तुटली असेल तर बहुधा भार जास्त झालेला असतो. आतून काळा पडला असेल तर तार कुठेतरी थेट बॉडीला लागली आहे, असे समजून आम्ही शोध सुरू करतो.